बेयाच्या वाटेवरचं घर

७ ऑक्टोबर, सोमवार

सिहेम म्हणाली, रोज लिहा. लल्ला बेयाच्या तोंडून कुठला शब्द आला, कशासाठी आला, तेवढंच. मी म्हटलं, पोरी, मी जन्मभर महदियाच्या बंदरात मासळीचा लिलाव पुकारला. माझं सगळं काम तोंडाचं. पेन हातात धरायची वेळ कधी आली नाही. तर म्हणते कशी, "सी तिजानी, तुमच्या तोंडाबद्दल मला शंकाच नाही. म्हणून तर लिहा म्हणतेय."

सिहेम सरकारी दवाखान्यात बोलणं शिकवते. मानाने बोलते, मला 'सी' लावते, बेयाला 'लल्ला'. लहान मुलं, तोतरी माणसं आणि आमच्या बेयासारखी. ऑगस्टमध्ये माझ्या बायकोला, बेयाला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि त्यांच्यामागोमाग शब्द गेले. कळतं तिला सगळं. टीव्हीवरच्या बातम्यांना योग्य जागी नाक मुरडते. पण बोलायला गेली की भलतंच बाहेर पडतं. पाणी हवं असलं तरी 'लिंबू', उशी सरकली तरी 'लिंबू'. आणि 'हो' न् 'नाही' यांची अदलाबदल झालीय, तीही नेमाने नव्हे. कधी सरळ, कधी उलट. सिहेम म्हणते, हो-नाही ऐकू नका, मान बघा, हात बघा.

आजचे शब्द: लिंबू, पुष्कळदा. चहा, एकदा. पण तेव्हा ती चपलेकडे बोट दाखवत होती.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी तिला पुसून, केस विंचरून, समुद्राच्या खिडकीशी खुर्चीत बसवतो. आमच्या घराला हीच तर दौलत आहे. खाली खडक, पलीकडे निळंशार पाणी. सुखी माणसालाही असं बघायला मिळत नाही, मग आजाऱ्याला तर हे औषधच.

बाजारातून परत आलो, तर खुर्ची गल्लीच्या खिडकीकडे फिरलेली. एका हाताने आणि एका पायाने हे तिने कसं केलं कोण जाणे. परवाही असंच झालं होतं. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत असणार. उद्या समुद्राच्या खिडकीला पडदा लावतो.

मन्नूबिया आली होती. ही आणि बेया सार्डिनच्या कारखान्यात एकाच टेबलाशी मासे डबाबंद करायच्या. आणखी तिघीजणी घेऊन आली, सगळ्यांचे आवाज यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय असलेले. मी थोड्या वेळाने त्यांना सरबत दिलं आणि वाटेला लावलं. डॉक्टर म्हणालाय, दमवू नका. बेया त्या गेल्यावर दाराकडे बघत बसली. दमली होती.

खरं लिहायचं तर मला तिची सेवा आवडते. दोघं नोकरीतून मोकळी झालो तेव्हापासून ती दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या उंबऱ्यावर असायची. मी चहा एकटा प्यायचो. आता ती माझ्याजवळ असते.

१३ ऑक्टोबर, रविवार

ऑल्फा सूसहून आली. आमची एकुलती एक मुलगी, विमा कंपनीच्या कचेरीत आहे. येताना माशाचं कुसकुस करून आणलं, मिरचीची हरिसा नेहमीसारखी कमी. जेवणं झाल्यावर म्हणाली, "आमच्या कचेरीत एक बाई आल्या होत्या शिकवायला. त्यांनी एक खेळ खेळवला. डोळे मिटायचे, मनातल्या मनात एका वाटेला लागायचं, आणि वाटेत काय दिसतं ते सांगायचं. त्यावरून माणूस कळतो."

"माणूस कळायला इतकं चालायचं कशाला? माशाचा कल्ला कसा उचलून बघतो त्यावरून कळतो."

"बाबा, डोळे मिटा."

मिटले. बेया हसत होती, हे मिटायच्या आधी पाहिलं.

वाट कुठली? म्हटलं, बंदराची. सोबत कोण? तुझी आई, अजून कोण. वाटेत जनावर दिसतं, कुठलं? कुत्रा, ओळखीचा, त्याला सांगतो घरी जा. वाटेत एक मातीचं भांडं पडलंय, काय करता? उचलतो. तडा गेला असेल तर घरी नेऊन चिकटवतो. पुढे घर आहे, दार उघडं की बंद? बंद, किल्ली माझ्या खिशात. आत काय? दोन खुर्च्या.

"आणि पाहुणे आले तर?"

"पाहुण्यांनी सांगून यावं."

शेवटी पाणी लागतं, तुम्ही किती आत जाता? म्हटलं, काठावर उभा राहतो. ऑल्फा म्हणाली, "जन्म बंदरात काढला आणि पाय ओले करत नाही!"

मग तिने सिहेमने शब्द शिकवायला दिलेली चित्रांची पानं आईच्या मांडीवर ठेवली. बेयाने डोळे मिटले नाहीत, पण खेळली मन लावून. वाट म्हणताच डावा हात लांबच लांब नेला. सोबत कोण, यावर माझ्याकडे बघितलं, ऑल्फाकडे बघितलं, मग हवेत मोठं वर्तुळ काढलं आणि म्हणाली, "लिंबू, लिंबू, लिंबू, लिंबू."

मी म्हटलं, घरचीच माणसं म्हणतेय. ऑल्फा म्हणाली, "मला तर वरात निघाल्यासारखी वाटतेय."

जनावर? "चहा!" आणि स्वतःच इतकी हसली की आम्हीही हसलो. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. घराचं दार? तळहात उघडून दाखवला. पाणी आलं तेव्हा खुर्चीतून इतकी पुढे झुकली की ऑल्फाने खांदे धरले.

पण मधे भांडं आलं होतं. भांड्याचं काय केलं तिने? लाथ मारली. खुर्चीत बसल्या बसल्या पाय झटकला, जणू भांडं उडवून दिलं.

मग ऑल्फाने अर्थ सांगितले. सोबती म्हणजे ज्याच्यावर जीव आहे तो. जनावर म्हणजे काळजी. घर म्हणजे मनातली इच्छा. पाणी म्हणजे माणूस स्वतःला किती झोकून देतो ते.

"आणि भांडं?" मी विचारलं.

"जाऊ दे ना बाबा, खेळ आहे."

"भांडं?"

"लग्न," ती म्हणाली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस मनातून जात नाही. मी तडा गेलेलं उचलून चिकटवतो, आणि ती लाथ मारते. माझी आजी स्वप्नांचे अर्थ सांगायची, अर्धं गाव तिच्या ओट्यावर बसायचं. ती म्हणायची, माणूस जागेपणी खोटं बोलतो, झोपेत नाही. आणि हा खेळ म्हणजे जागेपणीचं स्वप्नच की.

आज दवाखान्यात सिहेमला सगळं सांगितलं. भांड्याशी आलो तर तिने विचारलं, "कुठल्या पायाने?"

"काय कुठल्या?"

"लाथ कुठल्या पायाने मारली?"

आठवावं लागलं. बेया डाव्या बाजूला टेबलाला टेकली होती, तो पाय अडकलेला. म्हणजे उजव्या. सिहेम उठून धावत गेली आणि व्यायामवाल्या डॉक्टरला घेऊन आली. दोघं बेयाच्या पायाशी बसली. "लल्ला बेया, मारा बरं परत." बेयाने मारली. बोटभर हलला पाय, पण हलला.

"सी तिजानी," सिहेम म्हणाली, "हा पाय झटक्यापासून मेल्यासारखा पडला होता. आणि तुम्ही लग्नाचं काय घेऊन बसलात?"

सगळे हसले. मीही हसलो. तरी लाथ ती लाथ.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आता हा खेळ आमचा रोजचाच झालाय. दुपारच्या चहानंतर, बदाम चावून झाले की मी पानं काढतो. म्हणतो, चल बेया, वाट सुरू झाली. ती सावरून बसते. तिचा डावा हात माझ्या हातात असतो. वाट तीच, पण दर वेळी वेगळं काही. सिहेमला सांगितलं, तर म्हणाली, छान आहे, बोलायला निमित्त मिळतं, फक्त अर्थ लावत बसू नका. तिला काय, ती तरुण आहे. अर्थ लावल्याशिवाय माणूस माणसाबरोबर राहील कसा?

तर अर्थ असे. तिच्या घराभोवती रोज माणसांची पानं जमतात. माणूस, बाई, म्हातारा, मूल, मिळेल ते ती घराशेजारी ठेवते. म्हणजे हे आपलं मोहल्ल्यातलं घर, जुने शेजारी, ओळखीचा परिसर. तिचा यात जीव गुंतलाय. कुंपणाचं पान तिने खुर्चीखाली टाकून दिलं. म्हणजे तिला भीती वाटत नाही, मी आहे म्हणून. जनावराच्या जागी आज कोंबडा घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. याचा अर्थ लागला नाही.

आजचे शब्द: लिंबू. चहा. आणि केस विंचरताना ओढले गेले तेव्हा एक शिवी, अगदी स्पष्ट, कारखान्यातली. सिहेम म्हणते, शिव्या आधी येतात.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी घाबरलो. नमाजाहून परतलो, तर बेया पायऱ्यांवर. भिंतीला धरून दोन पायऱ्या उतरलेली, व्यायामवाल्याने दिलेली काठी वर राहिलेली. मी ओरडलोच, "अगं, मान मोडून घेशील! कुठे चाललीस?"

तिने गल्लीकडे हात केला. "चहा," म्हणाली.

"चहा घरात आहे!"

"नाही. चहा. नाही." माझी बाही धरून ओढायला लागली, खाली. डोकं फिरलं असणार उन्हाने. मी तिला उचलूनच आत आणली. हलकी झालीय. ती रडली. मी तिच्या हातापायांवरून हात फिरवला, म्हटलं घाबरू नको, आता मी बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी घालत जाईन. जास्तच रडली.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सिहेम दोन आठवड्यांनी रजेवर जातेय. बाळ होणार आहे. पोट दिसायला लागलंच होतं, मला वाटलं खाण्यापिण्याचं सुख आहे. तिच्या जागी कुणी येणार का विचारलं, तर वरिष्ठ म्हणाले, बघू. हा 'बघू' मला माहीत आहे. बंदरात बर्फाचं यंत्र बंद पडलं होतं तेव्हाही 'बघू'च होतं.

सिहेम म्हणाली, सूसला एक केंद्र आहे, तिथे अशी माणसं एकत्र बसवून शिकवतात. "लल्ला बेयांना माणसं हवीत," ती म्हणाली. बेयाने तिच्या पोटावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

ऑल्फाने सगळं ठरवूनच आणलं होतं. तिच्या इमारतीत तळमजल्यावरची जागा रिकामी झालीय. पायऱ्या नाहीत. केंद्र जवळ आहे. "बाबा, या दोघं. हिवाळा काढा, मग बघू."

"तुझी आई या घरातून हलणार नाही."

"विचारलंत तिला?"

"मला माहीत आहे. रोज खेळतो मी तिच्याशी. तिच्या मनातलं घर मला पाठ झालंय."

"विचारलंत का, हे विचारतेय मी." मग म्हणाली, "की तुम्हाला नाही यायचं?"

मी म्हटलं, माझा काय संबंध. विषय आईचा आहे.

सिहेमला मी फक्त शब्द वाचून दाखवतो, बाकीचं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. इथे वेशीपासून दीपस्तंभापर्यंत मी चाललो, तर दर दुकानातून कुणीतरी हाक मारतं. पोरं माझ्या आवाजाची नक्कल करतात. सूसमध्ये मी कोण? एक म्हातारा, बायकोची पिशवी धरलेला.

पण हा मुद्दा नाही. मुद्दा बेयाचा आहे. ऑल्फाला शब्द दिला की तिला खेळातून नीट विचारीन.

११ नोव्हेंबर, सोमवार

विचारलं. चहानंतर, शांतपणे, घाई न करता.

म्हटलं, "बेया, आज वाटेवर दोन घरं आहेत. एक समुद्राकाठचं, आपलं, जिथे ऑल्फा जन्मली." छोट्या घराचं पान ठेवलं. "दुसरं इमारतीतलं. गाड्यांचा आवाज, धूर, सगळी अनोळखी माणसं." इमारतीचं पान ठेवलं. "कुठल्या घरात शिरायचं?"

तिने वेळ घेतला. मग इमारतीच्या पानावर तळहात ठेवला. म्हटलं, "हे? या घरात जायचंय तुला?"

"नाही," ती म्हणाली.

इतका स्वच्छ 'नाही', की सिहेम असती तर टाळ्या वाजवल्या असत्या. मान हलली खरी वरखाली, पण हल्ली तिची मान थोडी डुगडुगतेच. हात पानावर तसाच होता, बहुधा उचलायला कष्ट पडत असतील. मी उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

ऑल्फाला फोन केला. आई नाही म्हणतेय, स्पष्ट. ती म्हणाली, "बरं." मला वाटलं होतं माझा जीव हलका होईल.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बेया खेळत नाही. पानं काढली की तोंड फिरवते. आज शब्द नाही. लिंबूसुद्धा नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काही केल्या बोलत नाही. कालपासून खुर्ची फिरवायचंही सोडलंय, जिथे ठेवीन तिथे बसते. तीन सांजा बंदरावर जाऊन तिच्या आवडीचे तांबोशी मासे आणले, काटे काढून भरवले. घास तोंडात ठेवून बसते. पहिली संत्री आली बाजारात, ती सोलून दिली. हातात धरून ठेवली फक्त.

दवाखान्यात आज सिहेमचा शेवटचा दिवस होता. तिने बेयाला बोलतं करायचा पुष्कळ प्रयत्न केला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "घरी काही झालं का?" मी म्हटलं, तुझ्या जाण्याचं दुःख झालंय तिला. सिहेम माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सी तिजानी, तुम्हीही दमलात. थोडा वेळ बाहेर पडत जा. कुणाला तरी बसवा तिच्यापाशी."

मी दमलेलो नाही. मला भीती वाटतेय. वाट कुठे संपली आणि कशाने, मला कळत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज मन्नूबियाला बोलावलं. स्वतः तिच्या दाराशी गेलो. ती म्हणाली, "कडी काढलीस का शेवटी?" तिला बेयापाशी बसवून बंदराकडच्या कॉफीच्या दुकानात गेलो, पण तिथे लक्ष लागेना. लवकर परतलो.

गल्लीतूनच हसणं ऐकू आलं. पायऱ्या चढून दाराशी थांबलो. बेयाचं हसणं. मधे तिचा आवाज, "लिंबू चहा लिंबू, लिंबू!" चढत जाणारा, आणि मन्नूबिया म्हणतेय, "अगं पुरे, मला मुतायला होईल!" मी आत जाऊ शकलो नाही. चोरासारखा आपल्याच दाराबाहेर उभा. मत्सर वाटला, लिहून टाकतो.

मन्नूबिया निघताना तिला जिन्यात गाठलं. "काय सांगत होती ती?"

"मला काय ठाऊक? लिंबू, चहा. पण नक्कल कुणाची ते कळत होतं. आधी आमच्या मुकादमाची केली. मग तुझी."

"माझी? कशी?"

"भरवतोस तेव्हा तूच तोंड उघडतोस म्हणे, आ करून." तिने करून दाखवलं. मग हसू गिळलं. "तिजानी, राग मानू नको. लिलावात पुकारणारा एक असतो, बोली लावणारा दुसरा, माल उचलणारा तिसरा. तुझ्या घरात तिन्ही तूच झालायस. ती बिचारी टोपलीत पडलीय."

मी म्हटलं, मी तिच्यासाठी जीव टाकतोय.

"दिसतंय की," ती म्हणाली. "जीवच टाकतोयस तिच्यावर. सगळा भार." आणि उतरून गेली.

संध्याकाळी बेयाने संत्र्याची फोड स्वतःच्या हाताने खाल्ली. मी बघत राहिलो. माझं तोंड खरंच उघडं होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

चहा झाला. मी पानांचा गठ्ठा काढला, आणि या वेळी मांडला नाही. तिच्या हातात दिला. म्हटलं, "आज तू विचार. मी चालतो."

बराच वेळ तिने काही केलं नाही. मला बोलावंसं वाटत होतं. माझी जीभ बांधून ठेवणं किती जड आहे हे आज कळलं. मग तिने डावा हात पुढे करून माझे डोळे मिटले. तळहाताला संत्र्याचा वास होता. मी अंधारात बसलो. पानं सरकल्याचा आवाज. मग तिने गुडघ्यावर चापट मारली.

डोळे उघडले. टेबलावर वाट होती. वाटेच्या टोकाला इमारतीचं घर. तिने एकेक पान उचललं आणि त्या घराभोवती माणसं मांडायला लागली. बाई. म्हातारा. दुसरी बाई. मूल. गाडीवान. न्हावी. असतील नसतील तेवढी सगळी. घर माणसांत बुडून गेलं. मग समुद्राकाठचं छोटं घर घेतलं, त्याच्याशेजारी खुर्चीचं पान ठेवलं, एकच. ती दोन्ही माझ्याकडे सरकवली, हळूच, अपमान होऊ नये असं.

मग बोट स्वतःच्या छातीला लावलं, आणि ते बोट वाटेवरून चालवत चालवत माणसांच्या त्या गर्दीत नेऊन ठेवलं.

तिने पुन्हा बोट उचललं, आणि माझ्या छातीला टेकवलं. भुवया वर गेल्या.

"लिंबू?" तिने विचारलं.

आयुष्यात मला कुणी इतकं स्पष्ट काही विचारलेलं नाही. तू येतोस का. ती तर केव्हाच निघाली होती. पायऱ्यांवर, खिडकीशी, पानापानावर. मी तिची कडी लावत बसलो होतो आणि म्हणत होतो, वाट संपली कुठे.

"तिथे मला कुणी ओळखत नाही गं," मी म्हटलं.

तिने डावा खांदा उडवला. मग? असा.

मी म्हटलं, "हो."

तिने माझी हनुवटी धरली. घट्ट. आणि वाट बघत राहिली. तोंडाच्या हो-नाहीवर आता या घरात कुणाचा विश्वास उरलेला नाही. तिच्या बोटांत माझी मान खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. तेव्हा तिने हनुवटी सोडली आणि माझा गाल पुसला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ऑल्फाला फोन केला. म्हटलं, मी चुकीचं ऐकलं होतं. ती रडतेय की हसतेय कळेना. "जागा अजून आहे का?" विचारलं. "बाबा, मी कुणाला सांगितलंच नव्हतं की नको म्हणून," ती म्हणाली.

कारटी आईवर गेलीय.

बेया सकाळपासून कपाट उघडून बसली आहे. मी मदतीला गेलो, तर हातावर चापट. डाव्या हाताने घड्या घालते, वाकड्यातिकड्या, उलगडते, पुन्हा घालते. मी दारात बसून बघितलं. हे बघणंही एक काम आहे, तेही मला शिकावं लागेल.

८ डिसेंबर, रविवार

सूस. घर लहान आहे. खिडकीतून समोरच्या वाण्याचं दुकान दिसतं आणि बसचा थांबा. बेया दिवसभर त्या खिडकीत. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकावर तिचं मत आहे, तोंड वाकडं करून देते. वाण्याने काल तिला हात केला. तिने आज त्याला.

मी गल्ल्या चुकतो. पाव आणायला गेलो आणि भलत्याच मशिदीपाशी निघालो. कुणी हाक मारली नाही. रडू आलं, मग पाव गरम होता म्हणून चालता चालता टोक मोडून खाल्लं. महदियाला असतो तर कुणीतरी बघून बेयाला सांगितलं असतं.

घराची किल्ली मन्नूबियाकडे ठेवलीय. ती म्हणाली, खिडक्या उघडत जाईन. पडदा काढून टाक, मी म्हटलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज केंद्रात पहिला दिवस. लांब खोली, मधे गोल टेबल, भोवती आठदहा जण. एक वकील, ज्यांना फक्त आकडे बोलता येतात. एक शाळेतल्या बाई, ज्या फक्त 'माफ करा' म्हणतात. शिकवणारा मुलगा म्हणाला, नातेवाइकांनी बाहेर बसायचं. मी म्हटलं, तिला लागेल काही. तो म्हणाला, मागतील त्या. बेया काठी टेकत आत गेली, वळूनसुद्धा पाहिलं नाही. दार लागलं.

बाहेर बाकावर एक गृहस्थ बसले होते, कैरुआनकडचे, गालिच्याचा धंदा. त्यांची पत्नीही आत. बिचारे भिंतीकडे बघत होते. मी विचारपूस केली. मग विषय निघाला मासळीचा, म्हणजे मीच काढला. एका वर्षी वादळानंतर एकच नाव परत आली होती आणि तिच्यात एवढा थोरला ट्यूना होता, तो लिलाव मी कसा पुकारला ते सांगायला लागलो. सांगताना पुकारावं लागतंच, त्याशिवाय गंमत कळत नाही. पुकारलं. बरं वाटलं, किती दिवसांनी छाती मोकळी झाली. बोली चढत गेली, मीही चढत गेलो.

दार उघडलं. बेया उभी. काठीवर भार, डोक्यावरचा रुमाल घसरलेला, चेहरा लाल. तिच्यामागे वकील, शाळेतल्या बाई, सगळे माना उंचावून. शिकवणारा मुलगा तिला धरायला आला होता, तो थबकला.

बेयाने माझ्याकडे काठी रोखली.

"गप्प!" ती म्हणाली.

लिंबू नाही. चहा नाही. गप्प. आणि मानेने, हाताने, काठीने, सगळ्यांनी मिळून गप्पच म्हटलं. तिलाही ऐकू आलं असावं, कारण ती क्षणभर दचकली. मग तिने पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, जरा हळू, चव घेतल्यासारखं. "गप्प." आतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, वकील ओरडले, "सतरा! सतरा!"

इतक्या वर्षांच्या संसारात हे तिने मला एकदाही म्हटलं नव्हतं. ती वळली, आत गेली, आणि दार स्वतः ओढून घेतलं.

मी गप्प बसलो. बाकावर, हात गुडघ्यांवर ठेवून. आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते, मग हसणं, त्यात तिचंही.

कैरुआनकडचे गृहस्थ कितीतरी वेळ त्या दाराकडे बघत होते. मग माझ्याकडे झुकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "नशीबवान आहात हो. माझी अजून इतकं बोलत नाही."